गुरुवार, दुपारी दोन पस्तीस

या सदरातले अनुभव मी गेली कित्येक वर्षं नुसती वाचत आलेय. त्यातल्या अर्ध्यांवर हसलेय, हेही आधीच कबूल करते. आमचं घरच तसं नाही. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. घरात बुद्धाची एक तसबीर, बाकी भिंती रिकाम्या. गंडा-दोरा कोणाच्या मनगटाला नाही. गल्लीत कोणी भूत-लागीर असं काही सांगायला लागलं की बाबा चिडायचे नाहीत, शांतपणे तीन प्रश्न विचारायचे — कोणी पाहिलं? किती वाजता? उजेड होता का? तिसऱ्या प्रश्नापर्यंत गोष्ट बहुतेक वेळा संपलेली असायची.

तर त्याच क्रमाने सांगते. पाहिलं मी स्वतः. दुपारी. लख्ख उजेडात.

गाव दिग्रस, जिल्हा यवतमाळ. साल साधारण दोन हजार सात. तेव्हा आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात पहिल्या पानावर असायचं, आणि कशासाठी असायचं ते तुम्हाला माहीत आहे. मी यवतमाळला हार्डवेअरचा डिप्लोमा करून गावी परत आले होते आणि बसस्टँडजवळ एका गाळ्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. बाई मशीन खोलते हे पाहायला सुरुवातीला लोक मुद्दाम थांबायचे. मग सवय झाली त्यांना.

पुसद रोडवर एक जिनिंग होती. नाव सांगत नाही. तिथे कापसातून सरकी वेगळी काढायची, रुईच्या गाठी बांधायच्या आणि प्रत्येक गाठीवर लेबल लावायचं — लॉट नंबर, वजन, तारीख, वेळ. त्या लेबलांसाठी ऑफिसात एक छोटा डेस्कटॉप घेतला होता. जाडजूड डिक्शनरीएवढा डबा, मॉनिटरच्या मागे मावेल असा. जिनिंगमध्ये हवेत सारखे कापसाचे तंतू उडत असतात, मोठ्या कॅबिनेटचा पंखा आठ दिवसांत गच्च होतो, म्हणून मीच त्यांना हा डबा सुचवला होता.

सोमवारी सकाळी तिथल्या मॅनेजरचा, काळे साहेबांचा फोन आला.

"मॅडम, लेबलवर तारीख चुकून राह्यली. आज सोमवार अन् गाठीवर गुरुवार छापून येते. पार्टीनं माल उतरून नाही घेतला."

मला वाटलं, सेल गेला असेल. कॉम्प्युटरच्या बोर्डवर बटनासारखा एक गोल सेल असतो, त्याच्यावर आतलं घड्याळ चालतं. सेल संपला की तारीख मागे जाते, बोर्ड बनला त्या वर्षाच्या एक जानेवारीवर. पाच मिनिटांचं काम. नवा सेल खिशात टाकला आणि स्कूटीवर गेले.

मशीन सुरू केलं, बायोसमध्ये शिरले. बायोस म्हणजे विंडोजच्याही आधी जागा होणारा छोटा प्रोग्राम, तो बोर्डवरच्या एका चिपमध्ये बसलेला असतो. तिथे तारीख होती येत्या गुरुवारची. वेळ दुपारचे दोन पस्तीस. आणि सेकंद हलत नव्हते. घड्याळ चुकीचं नव्हतं, थांबलेलं होतं... पण न आलेल्या वेळेवर थांबलेलं.

तेव्हा मला यात काही भीतीदायक वाटलं नाही. ऑफिसातल्या कोणीतरी खेळत बसून तारीख बदलली असणार, असंच वाटलं. सेल बदलला, तारीख-वेळ बरोबर केली, सेव्ह केलं, रीस्टार्ट केलं.

गुरुवार. दोन पस्तीस.

पुन्हा केलं. पुन्हा तेच. बायोसला पासवर्ड टाकला, म्हणजे दुसरं कोणी हात लावणार नाही. बोर्डवरचा जंपर काढून सगळी सेटिंग पुसली. पुसल्यावर तरी जुनी जानेवारी यायला हवी होती. आली नाही. काळे साहेब खुर्चीत बसून पाहत होते. ते म्हणाले, "मॅडम, हा डबा तुम्हीच दिला होता ना?"  मी डबा पिशवीत घातला आणि दुकानात घेऊन आले.

दुकानात तो अगदी बरोबर चालला. सोमवारची संध्याकाळ, मंगळवारचा अख्खा दिवस — मोबाइलशी ताडून पाहत होते, सेकंदाचाही फरक नाही. मंगळवारी संध्याकाळी नेऊन परत लावला. स्क्रीन उजळला आणि गुरुवार, दोन पस्तीस.

मग मी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. तिकडच्या माणसाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, बायोस अपडेट करा, नवं व्हर्जन आलेलं आहे. खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. मशीनच्या मेंदूतला सगळ्यात जुना भाग पुसून नवा लिहायचा, मग जुनं काही राहायला जागाच नाही. रात्री सायबर कॅफेत बसून ती फाइल उतरवली. छोटीशीच होती, पण नेट असं होतं की दोनदा तुटलं.

बुधवारी सकाळी अकराला जिनिंगमध्ये पोचले. बायोस अपडेट करणं म्हणजे चालू बसचं इंजिन बदलणं. मधे लाइट गेली की बोर्ड मेला, पुन्हा उठत नाही. आणि तेव्हा आमच्याकडे लोडशेडिंग असं होतं की लाइट कधी आहे तेच विचारावं लागायचं. ऑफिसात एक जुना यूपीएस होता, सात-आठ मिनिटं टिकणारा. मी पेन ड्राइव्ह लावला, काळ्या स्क्रीनवर कमांड टाकली आणि पांढरी पट्टी सरकायला लागली.

साठ टक्क्यांवर लाइट गेली.

पंखा थांबला. बाहेर जिनिंगचा घरघराट हळूहळू बसत गेला. खोलीत फक्त यूपीएसची टिक-टिक आणि ती पट्टी. मी हात मांडीवर ठेवून बसले होते, कीबोर्डला चुकून धक्का लागू नये म्हणून. सत्तर... ऐंशी. एवढ्यात दारात कोणीतरी आलं. शेवंताबाई होत्या. जिनिंगमधल्या बायांच्या त्या मुकादम — कोणाला कुठल्या कामावर लावायचं, कोण आलं, कोण नाही, सगळं त्यांच्याकडे. पन्नाशीच्या, उंच, कापसानं पांढरट झालेलं लुगडं. ऑफिसातल्या माठातलं पाणी घ्यायला आल्या होत्या.

"लाइट गेली तरी हे चालूच हाय?" त्या म्हणाल्या.

"बॅटरीवर आहे. दोन मिनिटं थांबा बाई, हलू नका."

त्या खरंच हलल्या नाहीत. पट्टी शंभरला पोचली, मशीन बंद झालं, आपोआप सुरू झालं. नव्या बायोसचं नाव आलं, खाली ओळ आली — सेटिंग सापडली नाही, मूळ सेटिंग घेतली आहे. म्हणजे सगळं कोरं. त्याच्याखाली तारीख आणि वेळ.

गुरुवार. दोन पस्तीस.

 आता शंका घ्यायला कोणी उरलं नव्हतं. सेल नवा, सेटिंग पुसलेली, चिपवरचा प्रोग्राम चार मिनिटांपूर्वी मी स्वतः लिहिलेला. ती तारीख राहिली असेल तर कुठे राहिली असेल?

शेवंताबाईंना वाचता येत होतं, थोडंसं. आकडे तर नक्कीच. त्या माझ्या खांद्यावरून पाहत होत्या.

"हे का दाखवून राह्यलं?"

"तारीख. चुकीची आहे. उद्या दुपारची दाखवतंय, दोन पस्तीसची. तीन दिवस झाले, हेच दाखवतंय."

"उद्याचीच काहून?"

"माहीत नाही."

त्यांनी माठातून पाणी घेतलं, पण प्याल्या नाहीत. गिलास तसाच हातात धरून म्हणाल्या, "दोनले आमची जेवाची सुट्टी असते. सगळ्या बाया त्या मोठ्या गंजीच्या बाजूनं शेडमधी पडून राह्यतात."

खिडकीतून ती गंजी दिसत होती. कापसाचा ढीग, दोन मजली घराएवढा, आणि त्याला लागून पत्र्याचं शेड. सावली तेवढीच.

"बाई," मी म्हटलं, "मशीन बिघडलंय, बाकी काही नाही. दोनचा तुमच्या सुट्टीशी काय संबंध?"

"संबंध नाई. मी कुठं म्हणून राह्यली संबंध हाय म्हणून? पण उद्या मी बायाइले तिथं बसू देत नाई."

आता जे सांगते त्याची मला अजून लाज वाटते. मी त्यांना अडवलं. म्हटलं, असं काही करू नका. उद्या गावभर होईल की जिनिंगमध्ये भुताचा कॉम्प्युटर आहे, आणि तो आणला कोणी तर मी. माझं दुकान आत्ता कुठे चालायला लागलंय. शिवाय असल्या गोष्टींना आपणच हवा दिली तर शिकून काय उपयोग? मी बरंच बोलले. बाबांच्या शाळेतलं सगळं.

त्या ऐकत होत्या. मग साधेपणानं म्हणाल्या, "तुमी शिकेल आहा बाई, तुमचं खरं असन. पण जेवण तं कुठंबी होते. एक दिवस निंबाखाली बसलो तं का बिघडते?"

गिलास माठावर ठेवून त्या निघून गेल्या. 

काळे साहेबांनी सांगितलं, उद्या दुसरा कॉम्प्युटर आणून बसवा, हा घेऊन जा. म्हणून गुरुवारी मी दुकानातला एक जुना सेट घेऊन गेले. मुद्दाम सकाळी जाणार होते. पण यवतमाळहून केबल यायची होती, ती एसटी उशिरा आली, आणि मी फाटकाशी पोचले तेव्हा दोन वाजून गेले होते.

फाटकाबाहेर निंबाखाली चौदा-पंधरा बाया डबे उघडून बसल्या होत्या. ऊन चांगलंच होतं, अर्ध्याजणींच्या डोक्यावर पदर. शेवंताबाई उभ्याच होत्या. मला पाहून त्यांनी मान हलवली. बाकीच्या कुरकुरत होत्या. एकजण मला ऐकू जाईल असं म्हणाली, "शेड सोडून उनात काहून बसवलं आमाले, कोनाले मालूम."

आत काळे साहेब तापलेले. "काल बायांना काय सांगितलं तुम्ही?"

"मी काहीच सांगितलं नाही साहेब."

"मग फाटकाबाहेर कायले बसल्या त्या? उद्या मालक विचारीन मले."

मी डबा सोडवायला बसले. मॉनिटर चालूच होता. कोपऱ्यात दोन पस्तीस, गुरुवार. माझ्या मनगटावर दोन चोवीस. वायरी काढता काढता सहज खिडकीतून नजर गेली, आणि शेडमध्ये काहीतरी हललं.

झोळी होती. लोखंडी पाइपाला साडी बांधून केलेली. हळूच हलत होती, आत मूल असल्यासारखी.

शेवंताबाईंच्या सुनेची मुलगी ती, आठ-नऊ महिन्यांची. नंतर कळलं की बाया बाहेर निघाल्या तेव्हा ती नुकतीच झोपली होती. कशाला उठवायची, जवळच तर आहोत, जेवून येतेच — म्हणून आईनं तिला तिथेच ठेवलं होतं. सासू म्हणाली होती पोट्टीला घे, ती हो म्हणाली आणि नंतर घेऊ असं ठरवलं. घराघरात होतं तसंच.

मी काय विचार केला ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच की मी स्क्रू ड्रायव्हर टेबलावर ठेवला आणि बाहेर निघाले. पळाले नाही. पळायची लाज वाटत होती. काळे साहेब पाहताहेत, हमाल पाहताहेत, आणि आपण कशासाठी पळतोय ते आपल्यालाच सांगता येणार नाही. भरभर चालत गेले. शेडमध्ये गार होतं. गंजीचा तो सुकलेला, थोडा तेलकट वास. वारा अजिबात नव्हता, हे मला पक्कं आठवतं, कारण झोळी का हलतेय ते पाहायला मी वाकले तर मुलगी गाढ झोपलेली होती.

मी तिला उचललं. ती दचकून जागी झाली आणि रडायला लागली, जोरात, अंग ताठ करून. मला लहान मुलं धरायची सवय नाही. तशीच छातीशी घट्ट धरून उन्हातून फाटकाकडे निघाले. तिची आई हात धुवून उभी राहिली होती. तोंडावर राग स्पष्ट होता.

"काहून उठवलं वो तिले? आत्ता झोपली होती माई पोट्टी."

मी तोंड उघडलं. काय सांगणार होते कोण जाणे. मागे आवाज झाला — जाड कापड फाडावं तसा.

शेडवरून आत गाठी दाबायच्या प्रेसकडे जाणारी जिनिंगचीच एक जुनी तार तुटून गंजीवर पडली होती. कापूस पेटतो तेव्हा आधी मोठ्या ज्वाळा दिसत नाहीत. पांढऱ्यावरून एक तांबूस लाट सरकत जाते, बोट फिरवल्यासारखी, आणि मग सगळं एकदम. आम्ही फाटकाशी उभे होतो, तिथपर्यंत तोंडाला धग लागली. शेडचे पत्रे वाजायला लागले. कोणी ओरडलं नाही. मला ते विचित्र वाटलं तेव्हा. पंधरा बाया नुसत्या उभ्या, हातात अर्धे डबे. मुलगी मात्र रडायची थांबली होती आणि तिकडे टक लावून पाहत होती.

कोणाला काही झालं नाही. आग विझायला संध्याकाळ झाली. झोळी ज्या पाइपाला होती तिथे नुसता काळा डाग राहिला.

तार नेमकी दोन पस्तीसला पडली का? खरं सांगते, माहीत नाही. मी घड्याळ पाहिलं तेव्हा माझ्या घड्याळात दोन सदतीस झाले होते, आणि पाहायला किती वेळ लागला ते मला सांगता येत नाही. काळे साहेब म्हणतात अडीच. हमाल म्हणतात पावणेतीन. बाबांनी हेच विचारलं होतं मला, आणि मी त्यांना हेच सांगितलं.

ऑफिस दूर होतं म्हणून वाचलं. शुक्रवारी जाऊन मी डबा सुरू केला. शुक्रवार, अकरा वाजून बारा मिनिटं. सेकंद चालत होते. माझ्या मोबाइलशी तंतोतंत. मधे कोणी हात लावला नव्हता, ऑफिसला कुलूप होतं. पुढे सहा वर्षं तो डबा जिनिंगमध्ये लेबलं छापत राहिला, घड्याळ एकदाही चुकलं नाही. काळे साहेबांनी बदलू दिला नाही. कारण विचारलं तर विषय बदलायचे.

मी चौकशी केली नाही असं नाही. नागपूरच्या एका इंजिनिअरला सगळं लिहून पाठवलं. तो म्हणाला, घड्याळाची चिप खराब असेल, एखाद्या आकड्यावर अडकली असेल. मी विचारलं, मग दुकानात कशी चालली? म्हणाला, तिथला व्होल्टेज वेगळा असेल. असेल. तार आधीपासून कुठेतरी ठिणग्या टाकत असेल, त्याचा परिणाम ऑफिसच्या लाइनवर होत असेल, हेही मला पटण्यासारखं आहे. यातून मशीन का बिघडलं ते कळतं. गुरुवार कसा कळला ते कळत नाही. बाबांना मी शेवटी विचारलं, तुम्हाला काय वाटतं? त्यांनी पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "तू त्या पोरीला उचलायला का गेलीस, ते आधी सांग."  त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

शेवंताबाईंनी मात्र याची कधी गोष्ट केली नाही. गावात बोभाटा झालाच नाही, मला ज्याची एवढी भीती होती तो. आगीनंतर बायांनी विचारलं तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं म्हणे, की शेडमध्ये साप पाहिला होता. एकदा बाजारात भेटल्या तेव्हा मी माफी मागायला लागले, तर म्हणाल्या, "कायची माफी वो? पोट्टी तं तुमीच आनली." आणि भाजीवाल्याशी भाव करायला लागल्या.

माझं दुकान अजून आहे. आता लॅपटॉप जास्त येतात. सेल संपलेली, तारीख चुकलेली मशीनं महिन्याला दोन-चार तरी असतात. बहुतेकांची तारीख मागे गेलेली असते, ती मी लगेच दुरुस्त करून देते. पण वर्षा-दोन वर्षांतून एखादं असं येतं, ज्याची तारीख पुढे गेलेली असते. चार दिवस, आठ दिवस. ते मी परत देत नाही. ती तारीख उलटेपर्यंत माझ्याकडेच ठेवते, आणि मालकाला फोन करून उगाच विचारते, सगळे बरे आहेत ना घरी, त्या दिवशी कुठे जायचं आहे का.

आजवर एकदाही काही झालेलं नाही. गिऱ्हाईक वैतागतं — मॅडम, एवढ्याशा कामाला आठ दिवस?

मी सांगते, पार्ट यायचा आहे.